मदत हवी आहे: डब्याच्या सुट्टीतला वाद

सर्वांना जय ख्रिस्त. मी सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. डबे उघडले की आमच्यात गप्पा रंगतात. गेल्या गड्ड्याच्या यात्रेत (सिद्धेश्वराची जत्रा) शेजारच्या मशीनवरच्या काकांनी कागदात बांधलेला प्रसाद पुढे केला. मी हात जोडून "नको काका" म्हटलं. झालं! "तुमचा धर्म परदेशी, तुम्ही मराठी कसले?"

मी म्हटलं, कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग मराठीतच लिहिले. ते काकांना पटलं, पण मग माझाच आवाज चढला आणि काका न जेवताच उठले. हे मात्र मला डाचतंय. बायबलमध्ये 1 पेत्र 3:15 ला आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय, पण सौम्यतेने. ते सौम्य राहणंच जमत नाही.

प्रसादाबाबत मी 1 करिंथ 10:28 (हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका) धरून चालतो, त्यात बदल करणार नाही. पण काका वडीलधारे, माझ्या आजारपणात घरी डबा पोचवणारे. त्यांचं मन न दुखावता नाही कसं म्हणायचं? तुम्ही नेमके कोणते शब्द वापरता? आणि वाद चिघळायला लागला की विषय कुठे थांबवता? पाळकांना विचारलं, ते म्हणाले प्रार्थना कर. ती चालूच आहे, पण उद्या पुन्हा डबा खायला तिथेच बसायचंय.