अख्खा ऐकावा असा, फारसा कुणी न ऐकलेला अल्बम सुचवा

कंबरतलाव: मंडळी, घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरून बाबांचा रेकॉर्ड प्लेयर उतरवला. सुई बदलली, पट्टा बदलला, आणि चालू झाला की ओ! रेकॉर्डी मात्र दोनच उरल्यात. त्यातली एक मे महिन्यात खिडकीपाशी राहिली आणि आपल्या उन्हात पापडासारखी वाकली.

सुटी गाणी नकोत. पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकावासा वाटेल असा अल्बम सांगा. गीतरामायण, कॉल ऑफ द व्हॅली, गारवा ही घरोघरी आहेत, ती सोडून. आणि नुसती नावं फेकू नका, का ऐकायचा तेही लिहा. मोबाइलवर मिळाला तरी चालेल.

साखरपेठी: चरणजीत सिंग, ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’, १९८२. डोळे झाकून लावा.

हिंदी सिनेमाच्या गाण्यांत गिटार वाजवणारा हा माणूस. रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन बसला: बेस वाजवणारं टीबी-३०३, ठेका धरणारं टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. त्यातलं ३०३ मुळात गिटारवाल्यांना बेसची साथ म्हणून काढलेलं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, म्हणजे आपली मींडच की. याने त्यावर भैरवी, ललत, मालकंस वाजवले. शिकागोत याच ३०३वर अ‍ॅसिड हाऊस हे नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत उभं राहिलं, पण ते पाचेक वर्षांनी. एचएमव्हीच्या या रेकॉर्डला तेव्हा कुणी हिंग लावून विचारलं नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि मग नाव झालं. २०१५ मध्ये चरणजीत सिंग गेले.

आमचं घर पॉवरलूमच्या कारखान्यावर. जन्मापासून कानात खटक-खटक. पहिल्यांदा हेडफोनवर हे लावलं तेव्हा ठोका कानातून येतोय की जमिनीखालून तेच कळेना. तेवढ्यात लाइट गेली, माग थांबले, आणि ललत एकटाच चालू राहिला. तेव्हा कळलं.

वीणा७०: खरं सांगू का, मला दुसऱ्या रागानंतर कंटाळा येतो. यमन काय नि मालकंस काय, सगळे एकाच चालीने सकाळी फिरायला निघाल्यासारखे. रागाला थोडं रेंगाळू द्यावं माणसानं.

त्यापेक्षा शंकर-जयकिशनचा ‘रागा जॅझ स्टाइल’ घ्या, १९६८ चा. अकरा राग, रईस खानांची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन. तोडीने सुरू होतो. इथेही राग रेंगाळत नाहीत म्हणा, पण वाजवणारी माणसं एकमेकांचं ऐकतायत हे जाणवतं.

साखरपेठी: ताई, जॅझमध्ये तोडी चालते आणि डिस्कोत मालकंस चालत नाही?

वीणा७०: नाही चालत. 😄

विजापूरवेस: भांडा तुम्ही. कंबरतलावभाऊ, तुम्ही ‘मेराज-ए-ग़ज़ल’ लावा. १९८३, चाली गुलाम अलींच्या, गायला ते आणि आशाबाई. दोन रेकॉर्डींचा संच आहे, घाईत ऐकू नका. गुलाम अली हरकतीमागून हरकत घेत जातात. आशाबाई तीच जागा अर्धी दाखवून सोडून देतात, आणि आपलं काळीज तिथंच अडकून बसतं. नासिर काज़मींच्या ग़ज़ला तर रात्री अकरानंतरच.

आशाबाईंचाच उस्ताद अली अकबर खानांबरोबरचा ‘लेगसी’पण बघा. सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या बंदिशी आहेत, ग्रॅमीचं नामांकन मिळालं होतं.

अवांतर: उर्दू अडली तर विचारा. आमच्या मोहल्ल्यात शिकवणी फुकट.

शेंगाचटणी: वचनकार सिद्धरामेश्वरांच्या सोलापुरातला धागा आणि वचनांचं, म्हणजे शरणांच्या कानडी रचनांचं, नाव नाही? कमाल झाली. मल्लिकार्जुन मन्सूरांनी गायलेली कानडी वचनं शोधा. जयपूर घराण्याचा एवढा मोठा गवई, अनवट रागांचा बादशहा. वचन गाताना मात्र विद्वत्ता दाराबाहेर चपलांजवळ काढून ठेवतो. अक्कमहादेवींचं ‘अक्क केळव्वा’ पहिलं ऐका. सखीला स्वप्न सांगतेय: तांदूळ दिसले, सुपारी दिसली, नारळ दिसला, आणि बारक्या बारक्या जटांचा जोगी दारात भिक्षेला आला. आमची आजी भाकरी थापताना हे गुणगुणायची, त्यामुळे मला त्यात ज्वारीच्या पिठाचा वास येतो. याला अल्बम म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

कंबरतलाव: सगळ्यांचे आभार. आठवडाभर हाच उद्योग चाललाय. ‘मेराज’ लावला तर बायको पिठाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली, रेकॉर्डची एक बाजू संपेल एवढा वेळ. चरणजीत सिंग पोरानं पळवला. वीणाताई, तुमचं थोडं पटलं, सलग दहा राग जड जातात. मी पाच-पाच करून ऐकले.

वचनं शेजारच्या अव्वांना ऐकवली, म्हटलं अर्थ सांगतील. त्या मन्सूरांच्या पुढं जाऊन म्हणायलाच लागल्या. अर्थ राहिला.

आता पट्टा परत सैल झालाय. आणि त्या वाकलेल्या रेकॉर्डचं काही होतं का?

साखरपेठी: पट्टा घेऊन या, बघू. रेकॉर्ड दोन जाड काचांमध्ये ठेवून वर वजन द्या, महिनाभर विसरा. कुठली आहे पण ती?

कंबरतलाव: लग्नाच्या बँडची. त्यात बाबा क्लॅरिनेटवर आहेत.