मदत हवी आहे: औलीत मधल्या वारी स्कीइंग, भाड्याच्या सामानाबद्दल

फेब्रुवारीत फोंड्याहून आम्ही चौघे औलीला जातोय, सगळे नवशिके. गर्दी टाळायला मुद्दाम बुधवार धरलाय. मोपा विमानतळावरून दिल्लीमार्गे डेहराडून, तिथून ऋषिकेश आणि पुढे जोशीमठ. ऋषिकेश-जोशीमठ साधारण २५० किमी घाट, म्हणून त्यासाठी अख्खा दिवस राखलाय. औली २५०० मीटरच्या वर आणि आपण समुद्राकाठचे, त्यामुळे पहिल्या दिवशी बर्फावर उतरायचंच नाही.

खरी काळजी बुटांची आहे. ढिल्या बुटात टाच उचलली जाते, मग वळताना स्की पायाचं ऐकत नाही. उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की मागे सरकावीत. मोजा लोकरीचा, एकच. दोन घातले की घड्या पडून फोड येतात, सुती मोजा तर घामाने भिजून गारठतो. स्की हनुवटी ते नाकाएवढी घेणार.

तिथे भाड्याने देणारे वजन, उंची, वय आणि बुटाच्या तळव्याची लांबी विचारून बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) लावून देतात का? घट्ट राहिलं तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो, म्हणून हे आधी कळायला हवं. आठवड्याच्या मध्ये ८०० मीटरची चेअरलिफ्ट किती वाजता सुरू होते? सकाळी बर्फ काचेसारखा कडक, दुपारनंतर भिजून जड. नवशिक्यांनी शिकवणी कोणत्या तासांना घ्यावी? गॉगल आणि हातमोजे इथूनच नेऊ, की तिथे धड मिळतात?