मशीनचा आकडा आणि साहेबांचा फोन
दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला माणूस बघून सोडायचं की नाही ते पोलिसाला ठरवू द्या, असं तुम्ही म्हणताय, अर्धं पटतं. कोणाची गाडी थांबवायची, कोणाला दारू तपासायच्या मशीनमधे फुंकायला लावायचं हे त्यालाच ठरवावं लागणार, रात्री नाशिकच्या गंगापूर रोडने येणाऱ्या प्रत्येकाला थोडीच थांबवणार. पण एकदा मशीनवर आकडा आला की विषय संपला ना राव. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधे १०० मिली रक्तात अल्कोहोल ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत जेल किंवा दोन्ही, आणि हा दंड जागेवर भरून मिटत नाही, कोर्टातच जावं लागतं. म्हणजे जागेवर जे "मिटतं" ते काय असतं हे आपण नाशिककरांना सांगायला नको.

मागच्या थर्टी फर्स्टला मित्राला आणायला गेलो होतो (मी प्यायलेलो नव्हतो, बायको शेजारीच होती), नाकाबंदी लागलेली, कुठली ते राहू दे. पुढच्या फॉर्च्युनरवाल्याने फुंकलं, हवालदाराने आकडा बघितला, तेवढ्यात त्याने खिडकीतून फोन पुढे केला, "साहेबांशी बोला". दोन मिनिटांत गाडी गेली पण. मागे स्प्लेंडरवाला पोरगा, त्याची चावी काढून घेतली, बिचारा हेल्मेट हातात धरून थंडीत कुडकुडत उभा.

टेस्टची प्रिंट निघते ना, मग तिचा नंबर आणि पुढे केस झाली का याचा हिशोब रोज वरिष्ठांनी जुळवून बघावा. फुंकलेले किती आणि कोर्टात गेलेले किती, बास.