बादलीतली मिरची पिवळी पडतेय, घालायचं ते सगळं घालून झालं

बादली_आणि_मी:

नमस्कार मंडळी. मातीशिवाय झाड वाढवायची ही माझी पहिलीच खेप, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

खोलीच्या कोपऱ्यात २० लिटरची पांढरी प्लॅस्टिकची बादली ठेवली आहे. झाकणात जाळीची कुंडी, तिच्यात क्ले बॉल्स (भाजलेल्या मातीचे गोळे), पाण्यात बुडबुडे सोडणारा एअर स्टोन, वर एलईडी दिवा, तो रोज १६ तास चालू. झाड एकच, मिरचीचं. बी रुजून आज ५२ दिवस झाले. पहिला महिना असा झकास गेला की मी घरातल्यांना बादलीभोवती फिरकू देत नव्हते. दृष्टच लागली म्हणायची.

तिसाव्या दिवसाच्या आगेमागे शेंड्याची नवी पानं फिकट निघायला लागली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. वाचलं की असं दिसलं म्हणजे मॅग्नेशियम कमी. म्हणून लिटरला अर्धा ग्रॅम एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घातलं. चार दिवस वाट पाहिली, काही नाही. परत तेवढंच घातलं. मग खालच्या पानांची टोकं करपली. कोणी म्हणालं कॅल्शियम द्या. म्हणून कॅल्शियम नायट्रेट आणि थोडं एप्सम एकाच मगात विरघळवलं, तर पाणी दुधासारखं पांढरं झालं. तरीही ओतलं. (हो, ओतलं. नका विचारू.)

सामू (पीएच) रोज मोजते, ६ च्या आसपास असतो. वाढला की लिंबूसत्त्व टाकून खाली आणते. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, सध्या ११५० पीपीएम दाखवतोय. खताच्या पुस्तिकेत ९०० लिहिलंय. दोन दिवसांत लिटरभर पाणी कमी होतं, तेवढं खताचंच पाणी करून भरते.

आता नवी गंमत. दिवा लागून तीन-चार तास झाले की झाड मान टाकतं. बादली काठोकाठ भरलेली, मुळं पाण्यात बुडालेली, आणि झाड तहानलेलं! हे काय गौडबंगाल आहे?

उलटपान:

आधी पान उलटं करून पाहा. भिंगातून. शेंड्याची पानं वाटीसारखी खाली वळली असतील तर कोळी कीड, वर वळली असतील तर फुलकिडे. मिरचीवर बोकड्या (पानं वळून आक्रसणं) आला की लोक खतं बदलत बसतात आणि किडे मजेत असतात.

पांढरी_मुळी:

उलटपान यांचं खरं आहे, बघून घ्या. पण ताई, तुमच्या वर्णनात किड्यांपेक्षा पाण्याचा वास जास्त येतोय.

मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. तुमचा सुरू झाला वरून. शिरा हिरव्या आणि नवी पानं पिवळी म्हणजे लोह. लोह एकदा पानात बसलं की झाडाला ते सहजी हलवता येत नाही, त्यामुळे उपाशी राहतं ते नवं पान. कमतरता ओळखताना रंगाच्या आधी जागा बघायची. मीही पहिल्या वर्षी रंगांचे तक्ते भिंतीवर चिकटवले होते, आणि तक्त्यातल्या प्रत्येक रोगाचं औषध बादलीत ओतलं होतं. तेव्हा दुधाळ पाण्याबद्दल मी तुम्हाला हसणार नाही. एप्समचं सल्फेट आणि नायट्रेटमधलं कॅल्शियम घट्ट द्रावणात भेटले की जिप्सम बनून खाली बसतं. खताच्या बाटल्या ए आणि बी अशा दोन येतात त्या याचसाठी.

आता लोह कमी का पडलं? खतात ते असतंच. म्हणजे आहे, पण झाडाला मिळत नाही. याला नेहमीची कारणं दोन: सामू चढलेला, नाहीतर मुळं आजारी. तुमचा सामू ६ आहे म्हणता. मीटर शेवटचं कधी जुळवलं होतं? आणि ते ठेवता कशात?

आणखी चार गोष्टी सांगा. झाकण उचलून मुळांचा रंग बघा. पाण्याचा वास घ्या. थर्मामीटर बुडवून तापमान बघा. आणि टीडीएस मीटरच्या पाठीवर ०.५ लिहिलंय की ०.७, तेही. तोवर बादलीत काहीही घालू नका. अगदी काहीही.

बादली_आणि_मी:

भिंगातून पाहिलं, किडे नाहीत. बाकीचं सांगायला लाज वाटतेय.

मुळं तपकिरी आहेत. मला वाटायचं खताच्या रंगामुळे. हात लावला तर बुळबुळीत, आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरचं साल निघून हातात आलं, आत दोऱ्यासारखं काहीतरी उरलं. वास साचलेल्या डबक्याचा. पाणी दुपारी २९ अंश. बादलीच्या आतल्या भिंतीवर हिरवा थर आहे, तो मला आधी छान वाटला होता.

टीडीएस मीटरवर ०.५ लिहिलंय. सामूचं मीटर घेतल्यापासून कधीच जुळवलं नव्हतं, आणि आरओच्या पाण्यात बुडवून ठेवत होते, स्वच्छ राहावं म्हणून. आज ७ चं बफर (ज्याचा सामू नक्की ७ असतो असं द्रावण) आणून तपासलं. मीटर म्हणतं ६.२.

पांढरी_मुळी:

सापडलं की मग! तुमचं मीटर ०.८ ने कमी सांगतंय. म्हणजे तुम्ही ज्याला ६ समजून जपत होतात तो खरा ६.८ च्या घरात होता. खतातलं लोह विरघळलेलं राहावं म्हणून एखाद्या संयुगात बांधलेलं असतं; ते ईडीटीए असेल तर सामू साडेसहाच्या वर गेला की ती बांधणी सुटायला लागते आणि लोह खाली बसतं. डीटीपीए असतं तर थोडं जास्त टिकलं असतं. मीटरचं टोक आरओच्या पाण्यात कधी ठेवायचं नाही, त्यातले क्षार निघून जातात. पोटॅशियम क्लोराइडचं साठवणीचं द्रावण मिळतं, ते टोपणात घाला. आणि ४ च्या बफरमध्येही जुळवा, एका बिंदूवर भागत नाही.

आता ते ९००. मीटर खरं तर पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, मोजतं आणि तिला ५०० ने (०.५ ची पट्टी) किंवा ७०० ने (०.७ ची) गुणून पीपीएम दाखवतं. पुस्तिकेवर कुठेतरी बारीक अक्षरात ७०० ची पट्टी लिहिलेली असेल. तसं असेल तर ९०० म्हणजे ईसी १.३. तुमच्या ०.५ च्या मीटरवर तेच पाणी ६४० दाखवायला हवं. तुम्ही ९०० वर आणलंत म्हणजे ईसी १.८, आणि आत्ताचे ११५० म्हणजे २.३. त्यावर पाणी कमी झालं की परत खताचंच पाणी. झाड पाणी पितंय आणि मीठ मागे ठेवतंय. टोकं करपली ती यामुळे. पीपीएम हा शब्दच विसरा आणि ईसी वाचायला शिका, त्यात पट्टीचा घोळ नाही.

मान टाकण्याचं म्हणाल तर ती मुळकूज. पाणी २० अंशाला असताना त्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. वर गरम पाण्यात मुळांचा श्वासही वाढतो. मागणी चढते, पुरवठा उतरतो. गुदमरलेली मुळी पाणी ओढू शकत नाही, म्हणून भरल्या बादलीत झाड तहानलेलं. पिथियमला, म्हणजे मुळं कुजवणाऱ्या बुरशीसारख्या जंतूला, हीच वेळ हवी असते. त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहत मुळापर्यंत जातात.

पंपवाला:

एक विचारू? एअर पंप कुठे ठेवलाय? माझा दिव्याच्या ड्रायव्हरला (त्याला वीज पुरवणाऱ्या डबीला) टेकून होता. महिनाभर मी बादलीत गरम हवा फुंकत होतो आणि पाणी का तापतं म्हणून डोकं खाजवत होतो.

बादली_आणि_मी:

पंपवाला, तुम्ही माझ्या घरी येऊन गेलात का? दिव्याच्या चौकटीवरच ठेवलाय. जागा वाचते म्हणून.

पंपवाला:

😂 काढा खाली. पण पाण्याच्या पातळीच्या खाली ठेवणार असाल तर नळीत चेक व्हॉल्व्ह बसवा. वीज गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरतं. हाही अनुभवच.

पांढरी_मुळी:

आता करायचं काय. बादली रिकामी करून घासा, एअर स्टोनसकट. मुळं साध्या पाण्याखाली हलक्या हाताने धुवा, जे आपोआप सुटतं ते जाऊ द्या, उरलेलं ओरबाडू नका. नवं पाणी फक्त ईसी १.० चं. मुळं निम्मी गेलीत, जेवण निम्मंच वाढा. सामू ५.८. लिंबूसत्त्व बंद, जिवाणू ते खाऊन टाकतात आणि सामू परत चढतो. फॉस्फरिक ॲसिडवालं सामू डाउन घ्या, हातमोजे घालून. बादलीला बाहेरून काळा रंग द्या आणि त्यावर पांढरा, म्हणजे आत उजेड नाही आणि बाहेरून तापत नाही. पाण्याची पातळी जाळीच्या तळापासून दोन-तीन सेंटीमीटर खाली ठेवा. तुम्ही काठोकाठ भरता, तेही नडलंय. वरच्या मुळांना हवा लागते. पाणी कमी झालं की आठवडाभर साधं पाणीच घाला.

उलटपान:

आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. ३ टक्केवालं, लिटरला ३ मिली. मी दर तीन दिवसांनी देतो.

पांढरी_मुळी:

एकदा धुताना द्या, हरकत नाही. दर तीन दिवसांची सवय मला पटत नाही, ते चांगले जिवाणूही मारतं. आणि पुढे बॅसिलस (जिवाणू) किंवा ट्रायकोडर्मा (बुरशी) असे मुळांचे मित्र सोडणार असाल तर दोन्ही एकत्र नकोत. आधी पाहुणे बोलवायचे आणि मग त्यांच्याच अंगावर ॲसिड ओतायचं, असं होतं.

उलटपान:

माझी मुळं पांढरी आहेत, एवढं बोलून थांबतो.

बादली_आणि_मी:

११ दिवसांनी येतेय. बादली धुतली, रंगवली (खोलीत दोन दिवस रंगाचा वास, घरात बोलणी खाल्ली), पंप खाली आणला, व्हॉल्व्ह बसवला. रोज दुपारी अर्ध्या लिटरची गोठवलेली बाटली पाण्यात सोडते. तापमान २२-२३ वर थांबतं. पेरॉक्साइड एकदाच, धुताना.

पहिले पाच दिवस काहीच नाही, उलट आणखी चार पानं गळली. मी खताच्या बाटलीकडे बघायची आणि परत कपाटात ठेवायची. सहाव्या दिवशी झाड दुपारी उभं राहिलं. काल झाकण उचललं तर जुन्या तपकिरी गुंत्यातून चार-पाच पांढऱ्याशुभ्र मुळ्या खाली उतरलेल्या. शेंड्याची दोन पानं हिरवी निघालीत. करपलेली पानं मात्र तशीच आहेत, ती सुधारतील का?

ईसी तीन दिवसांत १.० वरून ०.८ वर आलाय. हे चांगलं की वाईट? आणि पहिली कळी आली आहे, ठेवू की काढू?

पांढरी_मुळी:

करपलेली पानं सुधारत नाहीत. पण निम्म्याहून जास्त हिरवी असतील तर राहू द्या, ती अजून अन्न बनवतायत.

ईसी उतरला म्हणजे झाड पाण्यापेक्षा खत जास्त ओढतंय. भूक लागली आहे. पुढच्या पाण्यात १.२ करा, त्याहून वर नको.

कळी काढा. जीव तुटेल, तरी काढा. झाडाला अजून मुळं करायची आहेत.

बादली_आणि_मी:

काढली. आधी फोटो काढला, मग कळी.