धरणात गेलेलं आजोबांचं गाव जुन्या टोपोशीटवर कसं शोधायचं?

मूळशोध:
नमस्कार मंडळी. आजोबांचं गाव धरणाच्या बॅकवॉटरमधे गेलं, वडिलांचा जन्म पुनर्वसनानंतरचा, त्यामुळे आता घरात कोणालाच नेमकी जागा दाखवता येत नाही. गुगल मॅपवर गावाचं नाव टाकलं की नवीन गावठाण येतं, नाव तेच पण तालुकाच वेगळा. आजी एवढंच सांगायची की आपली वाडी ओढ्याच्या वरच्या अंगाला होती आणि तिचं माहेर खिंडीपलीकडे. कोणीतरी सुचवलं की सर्व्हे ऑफ इंडियाचे इंग्रजांच्या काळातले नकाशे बघ, त्यात वाड्यासुद्धा असतात. ते कुठे बघायला मिळतील आणि त्यावरून आमचं घर, जमीन वगैरे कळेल का?

शिखरबिंदू:
जमीन नाही कळणार, ते आधीच सांगतो म्हणजे अपेक्षा ठेवायला नको. टोपोशीटवर (म्हणजे डोंगर, ओढे, वाटा, वस्त्या दाखवणाऱ्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर) मालकी नसते, सर्व्हे नंबरही नसतात. पण वाडी कुठे होती, ओढा कुठून यायचा, देऊळ, विहीर, गाडीवाट, हे सगळं बऱ्यापैकी मिळतं.

तुम्हाला हवी ती एक इंच = एक मैल वाली शीट, म्हणजे 1:63,360. नंतर मेट्रिक झाल्यावर 1:50,000 आल्या. नंबराची पद्धत सोपी आहे, 4 अंश बाय 4 अंशाच्या चौकोनाला एक नंबर (पुणे, मुंबई 47 मधे येतात), त्याचे ए ते पी असे 16 भाग आणि प्रत्येक भागाचे परत 16, म्हणून 47 एफ/14 असं काहीतरी दिसतं. आपलं धरण कुठल्या अक्षांश-रेखांशात आहे ते बघून शीट नंबर काढता येतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ऑनलाइन पोर्टलवर 1:50,000 च्या पीडीएफ फुकट आहेत पण त्या नवीन, तुमच्या गावावर निळा रंगच दिसेल. जुन्यासाठी सुरुवात टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीपासून करा, अमेरिकन आर्मी मॅप सर्व्हिसने 1950 च्या दशकात सर्व्हे ऑफ इंडियाच्याच शीटांवरून काढलेली 1:250,000 ची मालिका तिथे स्कॅन करून ठेवलीय. स्केल लहान आहे, एका सेंटीमीटरमधे अडीच किलोमीटर, त्यामुळे गाव सापडेल, वाडी सापडेलच असं नाही.

आणि एक, कोणतीही शीट हातात आली की आधी समास वाचा. छापल्याचं साल वेगळं आणि सर्व्हे केल्याचं साल वेगळं, मधे वीस-तीस वर्षंसुद्धा असू शकतात. 1950 ची छपाई बघून "1950 ला इथे शाळा नव्हती" असं लोक बिनधास्त लिहून टाकतात.

घाटवाट:
आजीच्या माहेराचं जे लिहिलंय ना त्यासाठी तर टोपोशीटच हवी. पायवाटा आणि बैलांच्या वाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात, त्या डोंगराच्या कॉंटूरवर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवर) कुठून चढतात ते बघत जायचं, जिथे दोन टेकाडांमधे कॉंटूर आत वळून वाट पलीकडे उतरते ती खिंड. तिथून खाली उतरल्यावर जी दोन-तीन गावं लागतात त्यातलं एक माहेर असायची शक्यता भरपूर. आज त्याच दोन गावांमधलं अंतर बॅकवॉटरला वळसा घालून एवढं होतं की वाटतं ही सोयरिक जमली तरी कशी, पण तेव्हा सकाळी निघून दुपारी पोचायचे. आठवड्याचा बाजार, सोयरिक, देवाची यात्रा सगळं या वाटांवरून चालायचं, डांबरी रस्ता बघून जुन्या नात्यांचा अंदाज करायला गेलं की हमखास गंडतं. घरातल्या जुन्या बायकांची माहेरं त्या नकाशावर टिंबं देऊन मांडा, बघा काय दिसतं ते.

गटनंबर:
जमीन आणि नावांसाठी कागदच काढावे लागतील. धरणासाठी भूसंपादन झालं म्हणजे निवाडा (जमीन घेण्याचा आणि मोबदल्याचा आदेश) झाला असणार, त्यात खातेदारांची नावं, सर्व्हे नंबर, क्षेत्र, घरं-झाडं-विहिरी यांची नोंद असते. जिल्ह्याच्या भूसंपादन किंवा पुनर्वसन शाखेत अर्ज करा. 1894 च्या कायद्याखाली कलम 4 ची अधिसूचना राजपत्रात यायची, तीही शोधा. भूमी अभिलेखात गावनकाशा मिळाला तर सोन्याहून पिवळं, तो टोपोशीटशेजारी ठेवला की शीटवरच्या ओढ्यावरून सर्व्हे नंबर जुळवता येतात. जमिनीचे तुकडे जोडून गट पाडण्याच्या, म्हणजे एकत्रीकरणाच्या आधी गाव बुडालं असेल तर गट नंबर शोधत बसू नका, जुने सर्व्हे नंबरच असतील. आणि 1951 च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावांची यादी आहे, त्यावरून तेव्हाचा तालुका कळेल, तुम्ही म्हणताय तसा तो बदलला असेल तर अर्ज करताना तोच लागतो.

मूळशोध:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! टेक्सासवाली शीट उतरवली, नदीच्या वळणावर आमच्या गावाचं नाव आहे, स्पेलिंग जरा विचित्र आहे पण तेच. वाडी नाही दिसत. आता हे आजच्या गुगल अर्थवर कसं बसवायचं? गावाजवळचं सगळंच पाण्याखाली आहे, जुळवायला काही उरलंच नाही.

शिखरबिंदू:
खालचं सोडा, वरचं धरा. क्यूजीआयएस या फुकट नकाशा सॉफ्टवेअरमधे जिओरेफरन्सर (जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवायचं साधन) आहे, त्यात डोंगरमाथे, त्रिकोणमितीचे बिंदू (त्रिकोणात टिंब आणि शेजारी उंची), रेल्वेचे जुने पूल असे न हललेले पाच-सहा पॉइंट द्या, नदीच्या दोन्ही अंगांचे द्या, सगळे एकाच डोंगरावरचे दिले की दुसरी बाजू वाकडी होते. रस्त्यांचे फाटे टाळा, ते सरकतात. शीटवरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे टाकले तर थोडा फरक पडेल, जुन्या नकाशांचा एव्हरेस्ट डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) आणि जीपीएसचा वेगळा. एक इंची शीटवर उंची फुटात असते, 0.3048 ने गुणून धरणाच्या पूर्ण संचय पातळीशी (धरण पूर्ण भरल्यावरच्या पाण्याच्या उंचीशी) ताडून बघा, म्हणजे वरच्या अंगाची वाडी खरंच बुडाली की नुसती उठवली तेही समजेल.

बॅकवॉटर:
वाडीसाठी कोरोना उपग्रहाचे फोटो बघा, अमेरिकेचे हेरगिरीचे, 1960 ते 1972 चे, 1995 मधे खुले केले, यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) अर्थएक्स्प्लोरर वेबसाइटवर शोधता येतात. शेवटच्या काही वर्षांतले साधारण दोन मीटर रिझोल्यूशनचे आहेत, घरांचा पुंजका, बांध, झाडी दिसते. जायकवाडी, उजनीसारखी धरणं नंतर भरली त्यामुळे तिथली गावं त्यात कोरडी दिसतात, पण कोयनेचं असेल तर सुरुवातीचीच वर्षं उपयोगाची आणि ते फोटो बरेच धूसर. तुमचं धरण कुठलं आणि पाणी अडवायला कधी लागले ते लिहा, मग कुठल्या तारखांचे शोधायचे ते सांगतो.