रि: रि: सोलापूरच्या तिघींचे पैसे, दुसऱ्या फेरीआधी कसे पोचवायचे?

प्रेषक: समन्वयक, शिक्षण समिती

नमस्कार मंडळी,
प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीचं जागावाटप शुक्रवारी लागतंय. विडी घरकुलातल्या (विडी कामगारांच्या वसाहतीतल्या) दोघींना इंजिनिअरिंगला जागा मिळेल असं दिसतंय, तिसरीची फार्मसीची फेरी अजून उघडलेली नाही. जागा लागली की कॉलेजात हजर व्हायला मोजकेच दिवस मिळतात. पाडव्याच्या कार्यक्रमाची शिल्लक मंडळाच्या खात्यात पडून आहे. ती थेट सोलापूरच्या संस्थेच्या खात्यात टाकता येईल का? खजिनदारकाका, कृपया आजच सांगा.

प्रेषक: खजिनदार

नाही टाकता येणार. आपलं मंडळ परदेशात नोंदलेलं आहे, त्यामुळे परकीय देणग्यांच्या एफसीआरए कायद्याप्रमाणे आपण परकीय स्रोत ठरतो. अशी देणगी घ्यायला त्या कायद्याखाली नोंदणी लागते, ती सोलापूरच्या संस्थेकडे नाही. आपले पैसे तिने घेतले तर कारवाई तिच्यावर होईल. म्हणून कितीही निकड असली तरी हा रस्ता नको.
नोंदणी असलेल्या एखाद्या मोठ्या संस्थेमार्फत पैसे फिरवू, असं मागच्या वेळी सुचवलं गेलं होतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर तेही बंद आहे. परदेशी देणगी मिळालेल्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, मग त्या दुसऱ्या संस्थेकडे नोंदणी का असेना.
ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने दिलेली रक्कम परकीय देणगीत धरत नाहीत. एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून पाठवा आणि पासपोर्टची प्रत संस्थेला द्या, त्यांना ती फाइलला लागते. ओसीआय कार्ड असलेल्यांची, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची, रक्कम मात्र परकीयच धरली जाते, जन्म सोलापूरचा असला तरी.

प्रेषक: एक सभासद

मग सोपं आहे. माझा पासपोर्ट भारतीय आहे. सगळ्यांनी मला इकडच्या इकडे पाठवा, मी एकरकमी पुढे करतो. संध्याकाळपर्यंत काम होईल.

प्रेषक: खजिनदार

हे अजिबात करू नका. 'स्वतःची बचत' ही अटच त्यात मोडते. पाच ओसीआय सभासदांचे पैसे तुमच्या खात्यातून गेले तर ते पैसे त्यांचेच राहतात, तुमचं फक्त खातं वापरलं जातं. भारतीय पासपोर्टवाल्यांनी प्रत्येकी आपापली रक्कम आपापल्या खात्यातून पाठवावी. पावत्या वेगवेगळ्या होतील, होऊ देत. मंडळाची शिल्लक या कामाला वापरायची नाही, आणि तिच्याबद्दलचा निर्णय कार्यकारिणीत होईल, या यादीवर नाही.

प्रेषक: ताई (सोलापूरहून)

काका, समन्वयकदादा, पैसे कोणत्या वाटेने यायचे ते तुम्ही ठरवा. पण ते कशाला लागतात हे आधी स्पष्ट करते, कारण 'फी भरायची आहे' असं गृहीत धरलं जातंय.
२०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. दोघी पद्मशाली आहेत, म्हणजे विशेष मागास प्रवर्ग (विमाप्र). त्यांची सवलत वेगळ्या योजनेतून आहे, पण तीही महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच. अट एवढीच की प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून हवा. जागा मिळेना म्हणून व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सगळं गेलं. मोठी रक्कम पाठवून कोणी पालकांना त्या वाटेला लावू नये, ही कळकळीची विनंती.
लागतात ते मधले पैसे. प्रवेशाच्या दिवशी अनामत आणि पात्रता शुल्क. मग ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर, वर्कशॉपचा अ‍ॅप्रन. कॉलेज सोलापुरातच मिळालं तर कुंभारीहून रोजचा बस पास. पुण्याला लागलं तर पहिल्या महिन्यापासून मेस आणि खोली, आणि वसतिगृह भत्ता हातात येईपर्यंत सत्र निम्मं होऊन जातं. ही पोकळी भरा. एकरकमी नको, दर महिन्याला द्या.
खरी अडचण आत्ता कागदांची आहे. एकीचं नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे मागास प्रवर्गातल्या सधन गटात नसल्याचं प्रमाणपत्र, ३१ मार्चलाच संपलंय. फेब्रुवारीत घाईघाईने काढलं, पण कॅपला पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं लागतं. दुसरं, कुटुंब घरकुलात राहायला गेल्यावर तहसील दक्षिण सोलापूर झालं आणि रेशनकार्डावर पत्ता अजून साखर पेठेचा, म्हणजे उत्तर सोलापूरचा. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज दोन्हीकडून परत आला. आता तलाठ्याचा रहिवासी अहवाल जोडून दक्षिणलाच पुन्हा टाकलाय.

प्रेषक: डॉक्टरकाका

ताई, छान खुलासा. माझ्याकडे चांगल्या स्थितीतले लॅपटॉप जमले आहेत. दिवाळीत कोणी जाणार असेल तर पाठवू का?

प्रेषक: माजी सचिव

डॉक्टर, वस्तूही परकीय देणगीतच मोडतात, संस्थेच्या नावाने पाठवू नका. आणि पहिल्या सत्रात लॅपटॉपपेक्षा ड्राफ्टर आधी लागतो.
कागदपत्रांचं काम दस्तऐवज उपसमितीकडे आहे. शिक्षण समितीने परस्पर सुरू केलं तर एकाच घरी दोघांचे फोन जातात आणि पालक गोंधळतात. ताई, दोघींची जात वैधता (पडताळणी समितीकडून मिळणारं जातीचं प्रमाणपत्र) कुठवर आली ते आम्हाला कळवा.
वैधतेचा अर्ज अकरावीतच करायला हवा. विमाप्रला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, आणि त्या तारखेला कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं हेही दाखवावं लागतं. तेलंगणातून आलेल्या घरांत गाडी इथेच अडते. आजोबा शिकलेले नसले तर त्यांच्या भावाचा, चुलत्याचा, आत्याचा शाळेचा दाखला शोधायचा. मनपाच्या तेलुगू शाळांच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीने मिळतो. त्यावर जातीच्या रकान्यात कधी 'पद्मसाळी', कधी नुसतं 'साळी', कधी चक्क 'तेलुगू' लिहिलेलं असतं. म्हणून एकाच उताऱ्यावर विसंबू नका, दोन-तीन नातेवाइकांचे जोडा आणि वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्या. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाची वैधता झालेली असेल तर ती पहिली लावा, सगळ्यात भक्कम पुरावा तोच.
वैधतेच्या अर्जाच्या नुसत्या पावतीवर प्रवेश तात्पुरता असतो. प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही तर राखीव जागा जाते.

प्रेषक: ताई (सोलापूरहून)

नमस्कार सर. एकीची वैधता आलीये. दुसरीची समितीकडे आहे, त्रुटी निघाली होती ती पूर्ण केली. आजोबांच्या धाकट्या भावाचा उतारा मिळाला.
आणखी एक, शिष्यवृत्तीचे पैसे कोणत्या खात्यात जातील ते आत्ताच तपासून घ्यायला हवं. पासबुकाला आधार जोडलंय एवढ्याने भागत नाही. पैसे एनपीसीआयच्या (बँकांमधली देवघेव चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत जे खातं शेवटचं जोडलेलं असतं त्यात जातात. नवं सिम घेताना नकळत पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असलं की रक्कम तिकडे जाते आणि घरी वाटतं मंजूरच झाली नाही. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय त्याची, स्थिती दिसते. बँकेचं नाव चुकीचं निघालं तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा फॉर्म भरायचा.

प्रेषक: एक सभासद

विडी कामगारांच्या मुलांना केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे ना? ती का नाही घेत? शिवाय मी दर शनिवारी ऑनलाइन इंग्रजी संभाषण घ्यायला तयार आहे.

प्रेषक: ताई (सोलापूरहून)

आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. पण एका वर्षी एकच सरकारी शिष्यवृत्ती घेता येते, म्हणून फीमाफीशी तुलना करून मगच अर्ज करायचा. आंधळेपणाने दोन्हीकडे भरला तर एक बाद होतो, तो नेमका मोठा असू शकतो.
इंग्रजीबद्दल मनापासून आभार. पण संभाषणावर या मुलींचं अडत नाही. दहावीपर्यंत तेलुगू माध्यम, घरी तेलुगू, बाहेर मराठी. अडतं ते तोंडी परीक्षेत आणि पहिल्या सत्राच्या गणितात. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधले प्रश्न विचारा, उत्तर चार वाक्यांत इंग्रजीत द्यायला लावा, चुकलं तर तिथेच पुन्हा म्हणायला लावा. गणिताला त्याच कॉलेजातली दुसऱ्या वर्षाची मुलगी रविवारी दोन तास बसली तर खूप होतं, तिला मानधन द्या. जुन्या प्रश्नपत्रिका तिच्याकडे असतात आणि कुठले सर काय विचारतात हेही तिला ठाऊक असतं.
हजेरीकडेही लक्ष हवं. ७५ टक्क्यांखाली गेली की परीक्षेलाही अडतं आणि शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणालाही. आईला हजार विड्या भरून द्यायच्या असतात, त्यात छाट (नापास विड्या) निघाली की त्या पुन्हा वळाव्या लागतात. आई आजारी पडली की विड्या वळायचं सूप मुलीच्या मांडीवर येतं. चार दिवस असंच कॉलेज बुडतं, कोणाला पत्ता लागत नाही. महिन्याची मदत घरात आली तर आई स्वतःहून तिला पाठवते, म्हणूनच मी दरमहा म्हणते.

प्रेषक: समन्वयक, शिक्षण समिती

ठीक. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी आज रात्रीपर्यंत खजिनदारकाकांना फक्त 'दरमहा देणार' असं आणि रक्कम कळवावी, पैसे स्वतः पाठवावेत. ओसीआय सभासदांनी शनिवारच्या तोंडी सरावासाठी नावं द्यावीत. वैधतेचं काम माजी सचिवांच्या उपसमितीकडेच राहील, त्या घरी फोन फक्त तेच करतील. ताई, नॉन-क्रिमीलेयरचा टोकन क्रमांक त्यांना पाठवा.

प्रेषक: माजी सचिव

टोकन मला नको, ताईंनी तो मुलीच्या वडिलांकडे द्यावा. उद्या सकाळी त्यांनी स्वतः दक्षिण तहसीलला जाऊन मूळ रेशनकार्ड दाखवावं. तिसरीचा उत्पन्नाचा दाखलाही आत्ताच काढून घ्या, फार्मसीची फेरी उघडायची वाट पाहू नका.