सातवा प्रश्न

(कुडाळमधल्या आमच्या सोसायटीच्या कार्यक्रम समितीच्या ग्रुपवरून)

सेक्रेटरी: रविवारी सत्यनारायण. पूजा सकाळी १० ला, प्रश्नमंजूषा संध्याकाळी ६ ला पार्किंगमध्ये. ए-३०१ च्या ताईंनी 'जुना सिनेमा आणि नाटक' यावर वीस प्रश्न काढलेत. सातव्यावरून काल जिन्यात बराच वाद झाला म्हणे. तो इथेच मिटवूया. हा फक्त समितीचा ग्रुप आहे, स्पर्धकांपैकी कोणी इथे नाही.

बी-१०२ काका: प्रश्न असा आहे: पहिला भारतीय चित्रपट कोणता? उत्तर: राजा हरिश्चंद्र, दादासाहेब फाळके, १९१३. आम्ही शाळेत हेच शिकलो. यात वादाला जागा कुठे आहे?

सी-२०४ आजी: आणि आमच्या सुकळवाडचे तोरणे? तेंचा नाव खंय गेला?

ए-२०३: मी रात्री शोधलं. वर जे तयार उत्तर येतं ते एकदा राजा हरिश्चंद्र म्हणालं. प्रश्न थोडा फिरवून विचारला तर श्री पुंडलिक. शिवाय राजा हरिश्चंद्रची तारीख कुठे २१ एप्रिल, कुठे ३ मे. आता काय धरायचं?

ए-३०१ ताई: दोन्ही तारखा बरोबर आहेत. २१ एप्रिल १९१३ ला मुंबईत ग्रँट रोडच्या ऑलिम्पिया थिएटरात निवडक लोकांना बोलावून खेळ झाला. ३ मे ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो तिकीट काढून आलेल्या लोकांसाठी लागला. ज्याला जी तारीख सापडली ती त्याने लिहिली, आणि पुढच्याने तीच उचलली.

आता तोरण्यांबद्दल. रामचंद्र गोपाळ तोरणे, म्हणजेच दादासाहेब तोरणे. जन्म १८९०, मालवणजवळचं सुकळवाड. आपल्या शेजारच्याच तालुक्यातला माणूस. त्यांचा श्री पुंडलिक १८ मे १९१२ ला लागला, तोही त्याच कोरोनेशनमध्ये. फाळक्यांच्या जवळजवळ वर्षभर आधी! मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा रात्री एक वाजेपर्यंत झोप आली नाही. एवढी वर्षं आपण सुकळवाडवरून मालवणला जातोय, आणि मुलांना एकदाही सांगितलं नाही.

बी-१०२ काका: मग पाठ्यपुस्तकात तोरणे का नाहीत?

ए-३०१ ताई: कारणं दिली जातात ती अशी. श्री पुंडलिक हे रंगभूमीवरच्या नाटकाचं चित्रीकरण होतं. कॅमेरा चालवणारा माणूस इंग्रज होता. आणि फिल्म धुवायला लंडनला पाठवली होती. फाळक्यांनी मात्र पटकथेपासून फिल्म धुण्यापर्यंत सगळं स्वतः उभं केलं. म्हणून 'पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट' हा मान राजा हरिश्चंद्रला जातो.

बी-३०४ वहिनी: मला काकांचं पटतं. जत्रेतला दशावतार आपण मोबाइलवर पूर्ण घेतला तर त्याला कोणी सिनेमा म्हणेल का?

सी-२०४ आजी: आज नाय म्हणूचे. पण १९१२ त मोबाइल होतो काय गो? नाटक फिलमीर चढवूचा, ह्या सुचला ता महत्त्वाचा नाय?

ए-३०१ ताई: आजींचं म्हणणं मला जास्त पटतं. पण वहिनींचा मुद्दाही खोटा नाही. म्हणजे चूक उत्तरात नाही, प्रश्नात आहे. 'पहिला' हा शब्द मोघम आहे. पहिला कशातला, ते सांगितलं की वादच राहत नाही.

ए-२०३: ताई, पण शोधलंत कसं? मला तर त्याच त्याच साइट परत परत येतात.

ए-३०१ ताई: मला दोन महिने लागले, म्हणून सविस्तर सांगते. वाक्य संशयास्पद वाटलं की ते जसंच्या तसं दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून शोधायचं. नेमकं तेच वाक्य कुठे कुठे आहे ते दिसतं. दहा साइटवर एकच वाक्य शब्दशः सापडलं तर तो पुरावा एकच, दहा नाहीत.

नावांचं तर फारच सांभाळावं लागतं. तोरणे हे नाव इंग्रजीत निदान तीन तऱ्हांनी लिहिलेलं दिसतं, शेवटी कुठे ई, कुठे ईवाय. एकाच स्पेलिंगने शोधलं की अर्धा माणूस सापडतो. देवनागरीत शोधलं की वेगळंच काही वर येतं, विश्वकोशातल्या नोंदी, जुन्या अंकांतले लेख. दोन्ही लिप्यांत शोधल्याशिवाय मी एकही उत्तर पक्कं धरलेलं नाही. विकिपीडियावर नुसता लेख वाचून थांबू नका. खालच्या तळटिपा बघा आणि 'इतिहास' उघडा, कोणतं वाक्य कधी घातलं ते तिथे कळतं. एखादी साइट बंद पडलेली असली तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये तिचा जुना पत्ता टाकायचा. पुष्कळदा पान जसंच्या तसं मिळतं. आणि सगळ्यात शेवटी त्या काळचा कागद. श्री पुंडलिकची जाहिरात १९१२ च्या मे महिन्यातल्या टाइम्स ऑफ इंडियात आली होती. तिचा फोटो बघितला तेव्हा कुठे माझं समाधान झालं.

बी-३०४ वहिनी: मग हा फोटोही तपासा. माझ्या माहेरच्या ग्रुपवर आलाय. 'भारतीय सिनेमाची पहिली नायिका, तारामती'.

ए-३०१ ताई: वहिनी, हा पुरुष आहे! अण्णा साळुंके. त्या वेळी सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनी तारामतीसाठी हॉटेलात काम करणारा हा मुलगा घेतला. पुढे १९१७ च्या लंकादहनमध्ये राम आणि सीता दोन्ही त्यानेच केले. पडद्यावर पहिल्यांदा आलेल्या बायका म्हणजे दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई. १९१३ चाच मोहिनी भस्मासुर. आई पार्वती, मुलगी मोहिनी. ह्या कमलाबाई म्हणजे विक्रम गोखल्यांच्या आजी.

बी-१०२ काका: हे मला माहीत नव्हतं. साळुंक्यांचा प्रश्न घ्याच. आणि राजा हरिश्चंद्र आज बघायला मिळतो का?

ए-३०१ ताई: पूर्ण नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं रीळ आहे, आणि तीही फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. आलम आरा, १९३१ चा पहिला बोलपट, त्याची तर एकही प्रत शिल्लक नाही. म्हणून मी सगळ्यांना विनवते, घरात जुना कागद असेल तर रद्दीत घालू नका.

सी-२०४ आजी: माझ्या ट्रंकेत 'श्यामची आई'ची चोपडी आसा. थेटरात इकत गावायची ती. गाणी, गोष्ट आणि कामा करणाऱ्यांची नावा. मामान रत्नागिरीसून आणलेली.

ए-३०१ ताई: आजी, ती मला हवीच आहे! नावं खात्रीने कळायला तिच्याइतकं चांगलं काहीच नाही. १९५३ चा सिनेमा, दिग्दर्शक आचार्य अत्रे, श्याम माधव वझे, आई वनमाला. १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हाचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळालं. आणि साने गुरुजी आपल्याच कोकणातले, पालगडचे. उद्या संध्याकाळी वर येते. चोपडी तुमच्यासमोरच बघते, फोटो काढते, परत ट्रंकेत ठेवते.

सी-२०४ आजी: ये. घावने करतंय. आणि वस्त्रहरणार एक प्रश्न घाल. तात्या सरपंच मच्छिंद्र कांबळी ह्या सगळ्यांका म्हायत आसा. लिवल्यान कोणी, ता इचार.

ए-३०१ ताई: गंगाराम गवाणकर, राजापूर तालुक्यातलं माडबन. घातला, अकरावा.

सेक्रेटरी: मग सातवा नक्की काय छापू?

ए-३०१ ताई: असा छापा: '१८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये श्री पुंडलिक लागला. तो काढणारे मालवणजवळच्या सुकळवाडचे गृहस्थ कोण?' आठवा: 'पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट कोणता?' नववा: 'त्यात तारामती कोणी केली?'

बी-१०२ काका: मान्य. सातव्याला दोन गुण ठेवा.

सेक्रेटरी: ठेवले. प्रिंटला देतो.